जत्रेचं आवतण

चैत्राचं ऊन तापायला लागलं की पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला एसटीतून उतरणारी माणसं बदलतात. थंडीत येणारे दुर्बिणी गळ्यात अडकवून येतात. त्यांना उजनीच्या पाण्यावर उतरलेले रोहित आणि पट्टकादंब पाहायचे असतात. चैत्रात येणाऱ्यांच्या हातात नारळाची पिशवी असते, पेढ्यांचा पुडा असतो, पाठीमागे झोपेतून उठवलेली पोरं असतात. त्यांना न्यायला कुणीतरी मोटारसायकल घेऊन आलेलं असतं. तक्रारवाडी, डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव, डाळज, शिवाय नदीपलीकडची करमाळ्याची गावं, कुठे ना कुठे जत्रा भरलेली असते आणि या मंडळींना तिचं आवतण असतं.

भीमा आणि नीरा या दोन नद्यांमधल्या मुलखात जत्रा देवाची असते, पण घराघरातली तिची तयारी चालते ती पाहुण्यासाठी. देवाला पोशाख, नैवेद्य आणि पालखी मिळाली की त्याचं भागतं. पाहुण्याचं तसं नाही. तो आला का, कधी आला, जेवला का, न जेवता गेला का, याचा हिशेब घरात वर्षभर राहतो. ‘औंदा जत्रंला आला न्हाईत’ हे वाक्य या भागात तक्रारीसारखं बोललं जातं आणि ऐकणाराही ते तसंच घेतो.

जत्रेचा हंगाम ठरवला तो ज्वारीनं. इंदापूर आणि बारामतीचा मोठा भाग रब्बीचा. शाळू काढून, कणसं खळ्यावर मळून, दाणा कणगीत पडेपर्यंत फाल्गुन उजाडतो. तिथून रोहिणी निघेपर्यंत रानात फारसं काम नसतं. दाणा घरात आणि माणूस मोकळा, असा वर्षातला हा एकच काळ, म्हणून बहुतेक गावांच्या जत्रा चैत्र-वैशाखात येतात. पण त्या एका दिवशी येत नाहीत. कुणाची चैत्र पौर्णिमेला, कुणाची वद्य अष्टमीला, कुणाची अक्षय तृतीयेच्या सुमारास. भीमा-नीरेच्या संगमावर नीरा नरसिंहपूरला नृसिंह जयंतीची यात्रा वैशाख शुद्ध चतुर्दशीला. तिथी अशा विखुरलेल्या असल्यामुळेच आज यजमान असलेला गडी आठवड्यानं पलीकडच्या गावात पाहुणा म्हणून जाऊन बसू शकतो. हा फेर नसता तर प्रत्येक गावाची जत्रा त्या गावापुरतीच उरली असती.

हा खर्च गरिबाला परवडायचा कसा, हा प्रश्न जुना आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा तो तालुका भीमथडी म्हणून ओळखला जाई. तिथून पेटलेल्या दंग्याची आग पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरली आणि सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. कुणबी लग्नात आणि सणावारात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असं अनेक साहेबांचं ठाम मत होतं. आयोगानं प्रत्यक्ष चौकशी केल्यावर निष्कर्ष निघाला तो वेगळा: या खर्चाला नको तितकं महत्त्व दिलं गेलं आहे, रयत बुडते ती पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी आणि सरकारी साऱ्यासाठी पुन्हा पुन्हा काढलेल्या लहान लहान कर्जांमुळे. जत्रेच्या पंगतीकडे बोट दाखवून शेतकऱ्याला शहाणपण शिकवणारे आजही भेटतात. त्यांनी ही दीडशे वर्षांपूर्वीची नोंद जरूर वाचावी.

त्या काळी आवतण तोंडी जायचं. गावच्या वतीनं सांगावा नेण्याचं काम महारवाड्यातल्या तराळाकडे, घरच्या शुभकार्याचं बोलावणं बहुधा न्हाव्याकडे. देवाची पूजा गुरवाची, हलगी मांगाची, पालखीपुढची दिवटीही ठरलेल्या घराची. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त कारू-नारूंची जी व्यवस्था मांडली, तिचं जत्रेइतकं उघड रूप दुसऱ्या कुठल्या दिवशी दिसत नसे. प्रत्येकाचा मान ठरलेला आणि त्याबरोबर प्रत्येकाची जागाही. ज्यांच्या हलगीवाचून पालखी हलत नव्हती त्यांना देवळाची पायरी बंद होती आणि जेवण पंगतीबाहेर मिळत होतं. जत्रेचं कौतुक करताना हे सोडून देता येत नाही. ज्यानं सांगावा पोचवला तो स्वतः कुणाच्या ओसरीवर पाहुणा म्हणून बसू शकत नव्हता.

हे बदललं ते हळूहळू आणि भांडून. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी उपोषण केलं. १९५६ मध्ये मुंबई राज्यात हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांत सर्वांना प्रवेश देणारा कायदा आला. १९५८ च्या कायद्यानं महार वतनासह गावची कनिष्ठ वतनं गेली आणि सांगावा नेण्याची सक्तीही संपली. बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झालेल्या अनेकांनी गावकीची कामं त्याआधीच टाकली होती. हलगी आजही वाजते. फरक इतका, की वाजवणारा सुपारी घेतो आणि आपला दर सांगतो.

जत्रा मुख्यतः दोन दिवसांची. पहिला दिवस गोडाचा. पहाटे देवाला अभिषेक, मग दंडवत घालणाऱ्यांची रांग, ओल्या अंगानं देवळापर्यंत लोटांगण घेणारी तरणी पोरं. दुपारी पुरणपोळीचा नैवेद्य. नवस फेडायचा असेल तो शेरणी वाटतो, गूळ किंवा साखर किंवा पेढे, आणि ती नाकारायची नसते. रात्री छबिना निघतो. पालखी गावभर फिरते, दारादारात थांबते, बाया पाणी घालून ओवाळतात. धनगरांचा वाडा जवळ असेल तर गजी ढोल येतो आणि मोठमोठे ढोल गळ्यात अडकवलेली माणसं गोल धरून तासन्‌तास नाचतात. कुठे लेझीम, कुठे शोभेचं दारूकाम. पालखी देवळात परत येईस्तोवर तांबडं फुटतं.

दुसरा दिवस खाऱ्याचा. पाहुणे खरे येतात ते या दिवशी. सकाळीच बोकड पडलेला असतो. मागच्या अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढतं, एका बाजूला पोरांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी आळणी रस्सा काढून ठेवतात, मग उरलेल्याला घरचा मसाला पडतो. भाकरी ज्वारीची किंवा बाजरीची. शेजारपाजारच्या चार-पाच बाया चुलीपुढे बसल्याशिवाय ती पुरी पडत नाही. पाहुण्यानं किती खाल्लं हे तो ठरवत नाही, वाढणारा ठरवतो. ताटावर आडवा हात धरला तरी रश्श्याची वाटी रिकामी राहू देत नाहीत. माळकऱ्यांची पंगत वेगळी बसते आणि त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून त्यांचं आधी उरकतात. गाडगेबाबांनी देवाच्या नावानं मुकं जनावर मारू नका म्हणून जत्रा-जत्रांतून कीर्तनं केली. त्यांचं ऐकून देवापुढचं बळी देणं थांबवलेली गावं पुष्कळ आहेत. पाहुण्याच्या ताटातलं मटण मात्र बहुतेक ठिकाणी टिकलं.

जेवून माणसं फडाकडे जातात. आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग रुपयांच्या, आणि शेवटी गावानं वर्गणीतून ठेवलेल्या मोठ्या इनामाची. पाहुण्यांतल्या पैलवानाला आखाड्यात हात धरून फिरवतात. तो कुणाकडे उतरला आहे तेही पुकारतात, कारण तो जिंकला तर मान त्या घरालाही मिळतो. रात्री तमाशा. त्याची सुपारी देण्यासाठी गावकारभारी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला जात आले आहेत; पाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या पडतात आणि हंगामाचे करार होतात. बैलगाडा शर्यतीची गोष्ट वेगळी. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ती थांबली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या त्या सात वर्षांत पुणे जिल्ह्यातले घाट सुने पडले होते.

पाहुणा किती लांबून येऊ शकतो, हे रेल्वेनं बदललं. १५ डिसेंबर १८५८ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुण्याहून पुढचा लोहमार्ग सुरू झाला आणि तो डिकसळपाशी, भिगवणच्या अगदी शेजारी, येऊन थांबला. पुढे नदी होती. बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, गाडी गेली ती २३ ऑक्टोबर १८५९ ला. मधले दहा महिने पुण्याहून आग्नेयेला येणाऱ्या गाडीचं शेवटचं ठिकाण डिकसळ होतं. तोवर पाहुणा म्हणजे बैलगाडीच्या टप्प्यातला सोयरा. पुढे मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत लागलेला भाऊ एका रात्रीत गावी येऊ लागला. परळ-लालबागच्या खोल्यांतून गावोगावच्या माणसांची मंडळं उभी राहिली. जत्रेची वर्गणी तिथंच गोळा व्हायची. मुंबईकर येणार म्हणून घर सारवलं जायचं. त्याच्याबरोबर एखादा खोलीवरचा सोबतीही यायचा, वेगळ्या जिल्ह्याचा, कधी वेगळ्या जातीचा.

हा सोबती महत्त्वाचा आहे. जुन्या जत्रेत पाहुणा म्हणजे भावकी, सोयरे आणि लेकी-जावई. नुसता दोस्त म्हणून घरी जेवायला येणारा माणूस त्या मानानं नवा. त्याला दार उघडलं ते गिरणीनं, पलटणीनं, पुढे साखर कारखान्यानं आणि सगळ्यात जास्त शाळेनं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. अशा वसतिगृहांतून शिकलेली पोरं सुट्टीत मित्राला जत्रेला घेऊन घरी येऊ लागली तेव्हा आई-आजीला त्याचं आडनाव विचारावं की न विचारावं हा पेच पडायचा. काही घरांत ते विचारलं गेलं, काही घरांत नाही. पंगतीतल्या अंतराला धक्का बसला त्यात कायद्याइतकाच या पोरांचाही वाटा आहे.

मग पाणी आलं. उजनी धरणाचं काम १९६९ मध्ये सुरू झालं, १९८० मध्ये संपलं. ११७ टीएमसीचा साठा, नाव यशवंतसागर. धरण सोलापूर जिल्ह्यात, पण बुडीत पसरलं ते इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जतपर्यंत. काठावरची काळी रानं, मळे, विहिरी, गावठाणं पाण्याखाली गेली. चैत्रात भीमेचं पात्र पूर्वी वाळूचं असायचं, मधून गुडघाभर धार. इंदापूरच्या काठावरचा माणूस धोतर वर खोचून करमाळ्याच्या काठावर जत्रेला जायचा आणि रात्री कंदील घेऊन परत यायचा. त्या जागी आता भर उन्हाळ्यातही पलीकडचा काठ धूसर दिसेल एवढं पाणी उभं राहिलं. चालत जायच्या गावाला डिकसळच्या पुलावरून वळसा पडू लागला. त्या पुलाची कथाही याच मुलखाला शोभणारी: इंग्रजांनी आगगाडीसाठी बांधलेला तो दगडी पूल पुढे रस्त्याच्या वाहतुकीला आला आणि त्यानं दोन जिल्ह्यांतली सोयरीक धरून ठेवली.

राज्यात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. नव्या गावठाणात प्लॉट पाडले गेले, रस्ते आखले गेले. घरं उठली तशी आळीही मोडली, कुणी इकडे कुणी तिकडे गेला. करमाळा तालुक्यात केत्तूर नंबर एक आणि केत्तूर नंबर दोन अशी नावं आजही चालतात. जुनं गाव एका दिवसापुरतं का होईना पुन्हा एकत्र आलं ते जत्रेला. सरकारी कागदात या दिवसाला जागा नव्हती, पण उठलेल्या माणसांनी नव्या जागी पहिल्यांदा केलेल्या कामांत देवाचा ओटा बांधणं हे एक होतं. लांब जमीन मिळालेली कुटुंबं जत्रेला येऊन चुलत्याच्या नव्या घरी उतरू लागली. म्हणजे आपल्याच गावात पाहुणी झाली.

पळसदेवला हे सगळं डोळ्यांना दिसतं. नवं गाव महामार्गावर, नवं देऊळही तिथं. जुनं पळसनाथाचं हेमाडपंती मंदिर धरणाच्या पोटात. ज्या वर्षी पाणी खूप उतरतं त्या वर्षी आधी शिखर दिसतं, मग मंडप, मग अंगणातल्या शिळा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्याच्याही बरंच खाली गेलं आणि मंदिर पूर्ण उघडं पडलं. लोक होडीनं, मग चिखलातून चालत तिथं गेले. म्हाताऱ्यांनी पोरांना पार कुठे होता, बाजार कुठे भरायचा, कुस्त्यांचं मैदान कुठे होतं ते हातानं दाखवलं.

त्याच उन्हाळ्यात, २१ मे २०२४ ला, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात बुडाली आणि सहा जण गेले. या दोन काठांमधलं येणं-जाणं कधी थांबलंच नव्हतं. वळसा टाळायला माणसं बोटीत बसत होती. हे काठ जोडणारा पूल लोक मागतात त्याचं खरं कारण इथं शोधावं.

गाव उठवलं जाणं आणि पाहुणचारातून ते पुन्हा बांधणं, ही गोष्ट एकट्या भीमाकाठाची नाही. पूर्व आफ्रिकेत केनियात किकुयू लोक राहतात. माउंट केनयाच्या उतारावर डोंगराच्या धारेधारेनं विखुरलेल्या वस्त्या, प्रत्येक कुळाची आपली धार, अशी त्यांची जुनी रीत. माऊ माऊ उठावाच्या काळात, १९५४-५५ मध्ये, इंग्रज सरकारनं दहा लाखांहून अधिक किकुयूंना सक्तीनं उठवून आठशेहून अधिक दाट वसवलेल्या गावांत कोंबलं, भोवती खंदक आणि पहारे. आज ‘किकुयू खेडं’ म्हणून जे दिसतं त्यातल्या अनेक गावांचा जन्म हा असा. तरीही तिथल्या समारंभाला गेलेल्या माणसाला जे भेटतं ते इंदापूरच्या माणसाला लगेच उमगावं: बोकड कापला जातो, बाया उलुलू करून पाहुण्याला सामोऱ्या येतात, मांसाचा कुठला भाग वडीलधाऱ्यांचा, कुठला बायकांचा, कुठला पोरांचा हे ठरलेलं असतं. जोमो केन्याटा पुढे त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी १९३८ मध्ये आपल्या समाजावर ‘फेसिंग माउंट केनया’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा शेतीभातीइतकंच अशा रीतींचंही वर्णन केलं. ज्यांची जमीन दुसऱ्यांनी घेतली होती त्यांच्या दृष्टीनं या रीती म्हणजे समाज शाबूत असल्याचा पुरावा होता.

इकडे भीमा-नीरेच्या मुलखाला अनोळखी माणसाला जेवू घालण्याची सवय लागली त्यामागे आणखी एक वाट आहे. १६८५ मध्ये तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला. देहूहून निघणारी ती पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गानं पंढरपूरला जाते. काटेवाडीत परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढपाळ पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण धरतात. बेलवाडीला आणि इंदापूरला घोड्याचं रिंगण. वाटेवरच्या कित्येक घरांत एकच दिंडी पिढ्यान्‌पिढ्या उतरते. दिंडीतला म्हातारा गेला की त्याचा मुलगा येतो, घरातली सासू गेली की सून वाढते. जून २०२० मध्ये करोनामुळे पादुका एसटीनं पंढरपूरला न्याव्या लागल्या आणि त्या वर्षी जत्राही बंद राहिल्या. वाटेवरच्या घरांना आपले वारकरी फोनवरच भेटले.

आता आवतण मोबाईलवर येतं. चौकात फ्लेक्स लागतात, त्यावर देवापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे असतात, आणि ते खटकतं. बारामतीच्या एमआयडीसीत बरोबर काम करणारे परप्रांतीय सोबती, पुण्यातल्या कॉलेजातले मित्र असे नवे पाहुणे येतात; त्यांना सकाळी देऊळ आणि संध्याकाळी धरण दाखवतात. काहींच्या घरी मटणाच्या जोडीला चिलापीही तळली जाते, कारण भिगवणला येऊन मासा न खाता गेलेला पाहुणा पुढे तेच सांगत फिरतो. स्वयंपाक आचाऱ्याला देणारी घरंही वाढली आहेत.

आचाऱ्याचं अनेकांना वाईट वाटतं, पण त्यांनी चुलीपुढे बसून पाहिलेलं नसतं. जत्रेचा भार बायांवर असतो: आदल्या दिवशीचं पुरण, दुसऱ्या दिवशीच्या भाकऱ्या, रात्री उशिरापर्यंत भांडी. सगळ्या गावांच्या जत्रा एकाच दिवशी घ्या, खर्च वाचेल, असं सुचवणारेही लोक आहेत. खर्च वाचेल, हे खरं. पण सासरच्या गावी चैत्रात ताटांमागून ताटं वाढणारी बाई वैशाखात माहेरच्या जत्रेला जाते. तिथं भावाला तिला न्यायला यावं लागतं, भावजय तिच्यापुढे पाट मांडते आणि तिला उठू देत नाही. दोन्ही गावांची तिथी एक झाली तर तिचा हा दिवस जाईल, आणि ज्या बैठकीत ही तिथी ठरते तिथं ती बहुधा हजर नसते.